जिन्यातली खुर्ची

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाचा लिफ्टवर काडीचा विश्वास नव्हता, आणि घर मात्र त्याचं सहाव्या मजल्यावर. भाडं परवडत होतं ते तिथंच. "लोकांच्या लिफ्ट मी चालू करतो आणि माझ्या घरी मी जिन्यानं जातो," असं तो हसत सांगायचा. पण त्या वर्षी हसण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. बंदर बंद पडलं होतं, बाहेरून येणारे सुटे भाग यायचे थांबले होते, आणि तो एका इमारतीतल्या लिफ्टचा भाग काढून दुसरीला बसवत दिवस ढकलत होता. वीज कधी जाईल याचा नेम नव्हता. दुकानात आज दिसलेली वस्तू उद्या दिसेलच असं नव्हतं, आणि दिसलीच तर भाव ऐकून हात आपोआप मागे यायचा.

त्याची बायको बॅगांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर होती. घरात तिला सगळे धाकटी म्हणत. दोघी बहिणींतली ती धाकटी, आणि चाळिशी उलटली तरी आईच्या तोंडातून ते नाव सुटलं नव्हतं. नवऱ्यानंही तेच उचललं होतं.

तयारी धाकटीनं सुरू केली, आणि तीही गाजावाजा न करता. एकदम भरून ठेवायची ऐपत नव्हती, आणि असती तरी शेजारपाजारच्या नजरेत भरलं असतं. म्हणून पगाराच्या दिवशी नेहमीच्या सामानात एकच जिन्नस जास्तीचा. कधी मीठ, कधी काड्यापेट्या, कधी साबण, कधी डाळीचं एखादं पाकीट. तेलाचे रिकामे कॅन तिनं गरम पाण्यानं घासून खाटेखाली पाण्यानं भरून ठेवले. दर रविवारी त्यातलं शिळं पाणी फरशीला वापरायचं आणि ताजं भरायचं. आईच्या गोळ्या, कागदपत्रांच्या झेरॉक्स आणि टॉर्च एका पिशवीत घालून ती पिशवी दारामागच्या खुंटीला अडकवली.

आई हे सगळं खुर्चीत बसून बघायची. तिनं आयुष्य काढलं होतं थिएटरच्या तिकीटखिडकीत. जाळीपलीकडच्या गर्दीला एका वाक्यात गप्प करायची सवय तिच्या जिभेला होती. आता गुडघे गेले होते, अंग सुटलं होतं, आणि गर्दी म्हणजे लेक आणि जावई एवढीच उरली होती.

"खाटेखाली पाणी, कपाटावर डाळ, दारामागे पिशवी," ती म्हणाली. "आता मला कुठं ठेवणार तेवढं सांगा. माळा रिकामा आहे का?"

जावई हसला, पण ते वाक्य त्याच्या डोक्यात राहिलं. मधे एकदा लिफ्ट बंद असताना आईला दवाखान्यात न्यावं लागलं होतं. त्यानं आणि त्याच्या कामावरच्या जोडीदारानं स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवून तिला उचललं, आणि चौथ्या मजल्याच्या वळणावर जोडीदाराचा पाय सटकला होता. आई पडली नाही, पण कठड्याला घट्ट धरलेले तिचे हात सोडवताना दोघांना घाम फुटला होता.

"सगळ्याची तयारी केली," तो रात्री जेवताना बायकोला म्हणाला, "आणि आई खाली कशा जाणार याचीच नाही केली."

भंगारवाल्याकडून त्यानं एक लोखंडी खुर्ची आणली. तिच्या मागच्या पायांना पाइप वाकवून दोन लांब पट्ट्या जोडल्या, घसरगाडीला असतात तशा, आणि त्यांवर जाड रबर आवळून बसवलं. खुर्ची मागे कलती केली की त्या पट्ट्या पायऱ्यांच्या कडांवर टेकायच्या आणि खुर्ची हळूहळू खाली घसरायची. उचलायची गरज नाही, फक्त मागून धरून ठेवायचं. धाकटीनं कारखान्यातले नापास झालेले बॅगांचे पट्टे सुपरवायझरला विचारून घरी आणले आणि छातीला, कमरेला, पायांना असे तीन पट्टे शिवले. घराला जो खर्च आला तो खुर्चीच्या लोखंडाचा, बाकी सगळं टाकाऊ.

पहिल्यांदा जावई स्वतः बसला. धाकटीनं त्याला एक मजला खाली नेलं. "हळू, अगं हळू!" तो ओरडत होता.

"बोलायचं नाही," ती म्हणाली. "नवऱ्याला असं खाली न्यायची संधी रोज मिळत नाही."

आई मात्र बसायला तयार होईना. "मी काय गोणी आहे का, घसरत न्यायला?" दोन रविवार असेच गेले. तिसऱ्या रविवारी ती स्वतःच म्हणाली, "बसते. पण आधी केस विंचरून दे आणि चांगले कपडे काढ. लोक बघणारच आहेत, तर बघण्यासारखं तरी दिसू दे."

लोक बघायचेच. कुणी दार किलकिलं करून, कुणी उघडउघड हसून. "सरावच करताय की काही होणारे?" असं विचारणारेही होते. फक्त तिसऱ्या मजल्यावरचे घड्याळकाका दार सताड उघडून वाट बघत बसायचे. एकटाच माणूस. खिडकीशी टेबल लावून, डोळ्याला भिंग चिकटवून लोकांची घड्याळं दुरुस्त करायचा. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून काठीशिवाय चालता येत नव्हतं, आणि जिना उतरायचा तर कुणाच्या तरी खांद्याचा आधार लागायचा.

"आली, स्वारी आली!" ते ओरडायचे, आणि आईला पाण्याचा पेला आणून द्यायचे. "वहिनी, आम्हालाही एकदा बसवा की."

"रांगेत या भावजी," आई म्हणायची. "खिडकी उघडली की तिकीट देते."

मग दोघं तिथंच गप्पांना लागायची आणि सराव अर्ध्यावर राहायचा. जावई भिंतीला टेकून उभा राहायचा आणि काकांना तेच तेच पुन्हा सांगायचा. "काका, तुम्हाला एकट्याला उतरणं जमायचं नाही. जिन्यात धूर दिसला तर बाहेर पडायचंच नाही. दार घट्ट लावायचं, फटीत ओली फडकी कोंबायची आणि खिडकीत बसून हाका मारायच्या. धूर आत आला नाही तर माणूस तासन्‌तास टिकतो."

"पाठ आहे रे," काका म्हणायचे. "माझ्या बाथरूममध्ये टॉवेल भिजवूनच ठेवलेले असतात."

आग लागली ती आठवड्याच्या मधल्या दिवशी, भर दुपारी. "आमच्या इमारतीत नाही," असं लोक नंतर बरेच दिवस सांगत राहिले, जणू त्यानं काही फरक पडणार होता. शेजारी भिंतीला भिंत लावून गाद्यांचं गोदाम होतं. त्याचं पत्र्याचं छप्पर इमारतीच्या तिसऱ्या मजल्याच्या उंचीला यायचं, आणि जिन्याची हवेची जाळी नेमकी त्या छपराकडे तोंड करून. गोदामातला फोम पेटला आणि काळा, चिकट धूर जाळीतून सरळ जिन्यात शिरायला लागला.

धाकटी त्या दिवशी घरी होती. कारखान्यात वीज नव्हती म्हणून सगळ्यांना परत पाठवलं होतं. नवरा शहराच्या दुसऱ्या टोकाला, बंद पडलेल्या लिफ्टमधून माणसं काढत होता. खालून वॉचमनचा आवाज आला, "उतरा, सगळे उतरा!" मग धावणारी पावलं. तिनं दार उघडून पाहिलं. सहाव्या मजल्यावर धूर अजून नुसताच वासाला होता. थांबावं की जावं हे ठरवायला कुणी नव्हतं. सगळे उतरत होते, म्हणून तिनंही उतरायचं ठरवलं.

आईला खुर्चीत बसवताना तिला विचार करावा लागला नाही. इतक्या रविवारांनी हातांना सगळं माहीत झालं होतं. छातीचा पट्टा, कमरेचा, पायांचा. ओला टॉवेल आईच्या नाकातोंडावर. दारामागची पिशवी गळ्यात. खुर्ची कलती करून तिनं पहिली पायरी घेतली.

रविवारी दोघं मिळून धरत ती खुर्ची सहा मजले एकटीनं न्यायची म्हणजे पाठीचा काटा ढिला होतो. शिवाय मागून उतरणारी माणसं ढकलत होती. कुणी म्हणालं, "बाजूला घ्या हो ही खुर्ची!" कुणी अंग चोरून पुढे निसटलं. हात लावायला कुणी थांबलं नाही. पाचवा गेला, चौथा गेला, आणि तिसऱ्याच्या वळणावर धूर एकदम डोळ्यांत घुसला.

घड्याळकाका दारात उभे होते. एका हातानं चौकट धरलेली, दुसऱ्या हातात काठी. घरातून त्यांनी खुर्चीच्या रबराचा आवाज ओळखला असावा.

"धाकटे," ते म्हणाले, "मला घेऊन चल गं."

आईनं टॉवेल खाली ओढला. "थांब. धाकटे, थांब! त्यांना धर आधी."

"आई, हात आत घे. तोल जातोय."

"मी म्हणते थांब! मला इथं टेकव. त्यांना खांदा दे आणि—"

"आई, हात आत घे!"

ती थांबली नाही. वळणावरून खुर्ची पुढच्या पायऱ्यांवर घेतलीसुद्धा. मग मान वळवून, खोकत, तिनं सांगितलं, "काका, दार उघडं ठेवा. आईला खाली ठेवते आणि आलेच. आलेच मी!"

हे तिनं मनापासून सांगितलं होतं. खाली पोचल्यावर रस्त्यापलीकडच्या फुटपाथवर आईला ठेवून ती खरोखरच उलटी धावली. पण तोवर बंब आले होते आणि दारात एक जवान हात आडवा करून उभा होता. "बाई, आता वर नाही."

"तिसऱ्या मजल्यावर माणूस आहे. म्हातारा आहे. चालता येत नाही."

"आम्ही बघतो."

"मी सांगून आलेय त्यांना..."

"आम्ही बघतो म्हटलं ना!"

ती त्याच्या हाताखालून वाकून जाऊ पाहत होती. वॉचमननं तिला दंडाला धरून मागे ओढलं. मुखवटे चढवून जवान वर जाईपर्यंत किती वेळ गेला हे तिला कधीच सांगता आलं नाही. एवढंच आठवत होतं की फुटपाथवर पट्ट्यांनी बांधलेली आई इमारतीच्या दाराकडे बघत होती, आणि एकदाही तिच्याकडे बघत नव्हती.

काकांना खाली आणलं तेव्हा ते शुद्धीवर नव्हते. चेहरा काजळी फासल्यासारखा. रुग्णवाहिकेचं दार बंद झालं आणि गाडी गेली.

आग संध्याकाळपर्यंत विझली. इमारतीचं फारसं काही बिघडलं नाही. जिना काळा झाला, जाळ्या बदलाव्या लागल्या. लोक दुसऱ्या दिवशी धाकटीचं कौतुक करायला आले. काल ज्यांनी खुर्ची बाजूला घ्यायला सांगितलं होतं तेच खुर्चीला हात लावून बघत होते. "एकटीनं आणलंस म्हणे आईला! कमाल आहे बाई." ती चहा करून देत होती आणि आई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

आई तिच्याशी बोलेना. जेवायची, गोळ्या घ्यायची, जावयाशी बोलायची. धाकटीनं काही विचारलं की "हो" किंवा "नको." असं बरेच दिवस चाललं. शेवटी एके दिवशी धाकटी ताट आपटून म्हणाली, "काय करायला हवं होतं मी? सांग तरी. तुला तिथं सोडून त्यांना न्यायचं होतं?"

"मला विचारायचं होतंस."

"तेवढा वेळ होता का?"

"मी सांगत होते, ओरडून सांगत होते. तू ऐकलंसही. मला पट्ट्यांनी बांधलेलं होतं धाकटे, हात हलवला तरी तू दटावत होतीस. सामानसुद्धा मालकाला विचारून हलवतात." आईचा आवाज चिरकला. "मी जिवंत आहे म्हणून लोक पेढे मागतायत, आणि तो माणूस नळ्या लावून पडलाय. कुणाच्या वाटचं जगतेय मी?"

ताट उचलून धाकटी आत गेली आणि नळ सोडून बराच वेळ भांडी घासत राहिली. नवऱ्यानं एकदा समजूत घालायचा प्रयत्न केला. "उतारावर थांबली असतीस तर दोघीही कोसळल्या असतात. मी रोज हेच काम करतो, मला कळतं."

"तुम्हाला कळतं," ती म्हणाली. "तुम्ही तिथं नव्हता."

काका वाचले. त्यांना पाहायला धाकटी दोनदा दवाखान्यात गेली, पण नातेवाइकांशिवाय कुणाला आत सोडत नव्हते. बऱ्याच आठवड्यांनी त्यांची पुतणी त्यांना घेऊन आली ती सामान बांधायलाच. तिचं घर तळमजल्यावर होतं. काका आता तिच्याकडे राहणार होते. ही बातमी वॉचमननं वर आणली, आणि आई म्हणाली, "मला खाली न्या. खुर्चीतून न्या, लिफ्ट नको. वीज कधी जाईल नेम नाही."

धाकटीनं आणि जावयानं तिला नेलं. काकांच्या दारात खोकी रचलेली होती. काका पलंगाच्या कडेला बसले होते, निम्मे झालेले. आवाज तर त्यांचा उरलाच नव्हता, नुसती घोगरी फुंकर येत होती. आईनं त्यांचा हात धरला. पुतणी दुसऱ्या खोलीत भांडी कागदात गुंडाळत होती, त्याचा आवाज येत होता.

धाकटी पुढे झाली. काय बोलायचं ते तिनं मनात कितीदा घोळवलं होतं. "काका, मी परत येत होते. त्यांनी मला सोडलं नाही. मी खरंच येत होते."

"ठाऊक आहे," काका म्हणाले. मग दम घेऊन म्हणाले, "मी वाट बघितली तुझी."

धाकटीची नजर दाराकडे गेली.

"दार उघडं ठेव म्हणालीस. मी उघडं ठेवलं. टॉवेल भिजलेले होते आत. यानं शिकवलं होतं मला सगळं." त्यांनी जावयाकडे बोट केलं. "लावून घ्यावंसं वाटत होतं. धूर आत येत होता, दिसत होता. पण म्हटलं, धाकटी येईल आणि दार बंद दिसलं तर तिला वाटेल मी गेलो कुणाबरोबर. मागे फिरेल. म्हणून नाही लावलं."

ते रागानं बोलत नव्हते. राग असता तर धाकटीला ते सोपं गेलं असतं. बिघडलेल्या घड्याळात काय झालंय हे गिऱ्हाइकाला सांगावं तसं त्यांनी सांगितलं आणि खोकायला लागले. पुतणी पाणी घेऊन धावत आली. तिनं पाहुण्यांकडे असं पाहिलं की जावयानं लगेच खुर्चीला हात घातला.

वर जाताना वीज गेलेलीच होती, लिफ्ट बंद. जावई आणि धाकटी दोघं मिळून खुर्ची पायरी पायरी उचलत होती, कारण ती खुर्ची खाली यायला होती, वर जायला नव्हती. पाचव्या मजल्यावर दम खायला थांबली तेव्हा आईनं मागे हात नेला आणि धाकटीचं मनगट चाचपडून धरलं.

"मला हे ठाऊक नव्हतं," आई म्हणाली.

"मलाही," धाकटी म्हणाली आणि तिला रडू फुटलं. जावई खुर्चीचा भार एकट्यानं धरून उभा राहिला.

त्यानंतर इमारतीत पाच घरांनी तशा खुर्च्या करून मागितल्या. लोखंडाचे पैसे त्यांनी दिले, पट्टे धाकटीनं शिवले. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त टायपिस्टबाई पट्टे न्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "वेळ आली तर तू येशील ना गं मला न्यायला? मला लेकबाळ कुणी नाही."

"येईन असं धरून चालू नका," धाकटी म्हणाली.

बाईंना ते फार लागलं. माणुसकी म्हणून तरी हो म्हणावं, असं त्या सगळ्यांना सांगत फिरल्या. धाकटीनं खुलासा केला नाही. दर रविवारी मात्र ती दुसऱ्या मजल्यावर जाऊन त्यांच्या शेजारच्या नवरा-बायकोकडून सराव करून घ्यायला लागली. नवरा आळशी होता, कंबर दुखते म्हणायचा, तरी ती त्याला सोडायची नाही.

काका पुतणीकडून आईला फोन करायचे. फोन धाकटीनं उचलला तर पलीकडून फक्त "आई आहेत का?" एवढंच यायचं. ती "देते" म्हणायची आणि आईच्या हातात फोन देऊन स्वयंपाकघरात निघून जायची. दोघांच्या गप्पा भिंतीपलीकडून ऐकू यायच्या. आई पूर्वीसारखी हसायची, मग धाकटी घरात आहे हे आठवल्यासारखा आवाज खाली आणायची.

थंडीच्या सुरुवातीला एकदा फोन आला. "आई आहेत का?" आणि मग, ती "देते" म्हणायच्या आत, "आज कामावर नाही गेलीस?"

"सुट्टी आहे," धाकटी म्हणाली.

"बरं."

आणखी काही येतंय का म्हणून ती थांबली. पलीकडून त्यांच्या श्वासाची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"खोकला कसा आहे काका?"

"आहे तसाच. आईंना दे."

तिनं फोन नेऊन दिला आणि नेहमीप्रमाणे आत जायला वळली. आईनं तिच्या तोंडाकडे पाहिलं, पलंगावर थोडं सरकून जागा केली आणि म्हणाली, "बस इथं." मग फोन कानाला लावला.